घरातील सराउंड साउंड होम थिएटर: नियोजन आणि टप्प्याटप्प्याने सुधारणा – नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात प्रथमच सराउंड साउंड बसवण्याचा विचार करणाऱ्यांना, तसेच काही वर्षांपूर्वी बसवलेला संच आता अपुरा वाटू लागलेल्यांना जे प्रश्न हमखास पडतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. नाशिकमधील घरांची रचना, बांधकामाची पद्धत आणि हवामान लक्षात घेऊन ती लिहिली आहेत.

नियोजनाची सुरुवात कशापासून करावी? बजेटपासून की स्पीकरच्या निवडीपासून?

या दोन्हींच्या आधी खोलीपासून करावी. ज्या खोलीत संच बसवायचा आहे तिची लांबी, रुंदी आणि उंची मोजून कागदावर आराखडा काढावा. दारे, खिडक्या, बाल्कनीचे सरकते दार, बीम, पंखा आणि प्लगपॉइंट यांच्या जागा त्यात दाखवाव्यात आणि शेवटी मुख्य श्रोता जिथे बसणार आहे तिथे फुली मारावी. पुढचा प्रत्येक निर्णय त्या फुलीवरून ठरतो.

इंदिरानगर किंवा पाथर्डी फाटा परिसरातील फ्लॅटचा हॉल बहुधा लांबट असतो आणि एका अंगाने जेवणाच्या जागेकडे उघडा असतो. त्यामुळे एका बाजूच्या स्पीकरला भिंत मिळते आणि दुसऱ्या बाजूच्या स्पीकरला ती मिळतच नाही. गंगापूर रोडवरील बंगल्यांमध्ये अनेकदा स्वतंत्र खोली काढता येते आणि तशी सोय असेल तर दिवाणखान्याऐवजी तिचाच विचार करावा. पंचवटीतील जुन्या वाड्यांमधल्या खोल्यांना मात्र वेगळाच लाभ आहे, कारण लाकडी तुळया, कोनाडे आणि असमान भिंती यांच्यामुळे आवाज विखुरला जातो आणि गुळगुळीत भिंती व फरशी असलेल्या नव्या फ्लॅटइतका घुमत नाही.

५.१, ७.१, ५.१.२ या आकड्यांचा अर्थ काय?

पहिला आकडा श्रोत्याभोवती कानाच्या पातळीवर असणाऱ्या स्पीकरचा, दुसरा सबवूफरचा (केवळ खोल आवाज देणाऱ्या स्पीकरचा) आणि तिसरा डोक्यावरून आवाज देणाऱ्या स्पीकरचा असतो. ५.१ मध्ये समोर डावा, उजवा व मधला, आणि बाजूला किंचित मागे दोन सराउंड, असे पाच स्पीकर येतात. ‘पॉइंट वन’ ही वाहिनी केवळ १२० हर्ट्झपर्यंतच्या खोल आवाजांसाठी राखून ठेवलेली असते. तिसरा आकडा डॉल्बी अ‍ॅटमॉस आणि डीटीएस:एक्स या पद्धतींमुळे आला. अ‍ॅटमॉस २०१२ मध्ये चित्रपटगृहांत आणि २०१४ मध्ये घरगुती उपकरणांत आले. डीटीएस:एक्स २०१५ मध्ये आले.

आमच्या हॉलसाठी यांपैकी कोणती रचना योग्य ठरेल?

साधारण १० बाय १५ फुटांच्या हॉलमध्ये, विशेषतः सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर, ५.१ पुरेसे आहे. ७.१ मधील मागचे दोन स्पीकर श्रोत्याच्या पाठीमागे असावे लागतात आणि सोफ्यामागे किमान तीन-चार फूट जागा नसेल तर त्यांचा काहीही उपयोग होत नाही. अशा घरात दोन स्पीकर वाढवायचेच असतील, तर ते छतावर लावून ५.१.२ करावे, फरक अधिक स्पष्ट जाणवतो.

माझे स्पष्ट मत असे आहे की, समोरचे तीन चांगले स्पीकर आणि एक चांगला सबवूफर, म्हणजेच ३.१, हा तेवढ्याच पैशांत घेतलेल्या हलक्या सात स्पीकरच्या संचापेक्षा निश्चितच श्रेष्ठ असतो. सराउंड स्पीकर पुढच्या वर्षी घेता येतात.

स्पीकर नेमके कुठे आणि किती उंचीवर ठेवावेत?

या प्रश्नाला सर्वाधिक वेळ द्यावा, कारण यात खर्च जवळजवळ नाही आणि लाभ सर्वांत मोठा आहे.

डावा आणि उजवा स्पीकर श्रोत्याच्या समोरच्या मध्यरेषेपासून प्रत्येकी २२ ते ३० अंशांवर असावा. कोन मोजण्याचे साधन नसले तरी अडत नाही: दोन स्पीकरमधील अंतर आणि प्रत्येक स्पीकरपासून श्रोत्यापर्यंतचे अंतर सारखे ठेवले, तर ३० अंशांचा कोन आपोआप साधतो. ट्वीटर, म्हणजे तीक्ष्ण आवाज देणारा लहान घटक, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून सुमारे तीन ते साडेतीन फुटांवर यावा. मधला स्पीकर टीव्हीच्या खाली येत असेल, तर त्याचे तोंड किंचित वर, कानाच्या दिशेने करावे आणि तो टीव्ही युनिटच्या खणात आत ढकलून न ठेवता खणाच्या पुढच्या कडेपर्यंत ओढून घ्यावा. आत ढकललेल्या स्पीकरचा आवाज खणाच्या पोकळीतून येत असल्याने संवाद कोंदट ऐकू येतात.

५.१ मधील दोन सराउंड स्पीकर ११० ते १२० अंशांवर, म्हणजे श्रोत्याच्या बाजूला आणि थोडे मागे असावेत. कानाच्या उंचीपेक्षा फूटभर वर असले तरी चालते. मात्र घराघरांत दिसते त्याप्रमाणे ते छताजवळच्या कोपऱ्यात टांगू नयेत.

एक स्पीकर जवळ आणि दुसरा दूर असेल, तर रिसीव्हर, म्हणजे सर्व स्पीकरना आवाज वाटून देणारा अ‍ॅम्प्लिफायर, ती तफावत भरून काढू शकतो. ध्वनी साधारण तापमानाला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एक फूट कापायला त्याला सुमारे ०.९ मिलिसेकंद लागते, आणि रिसीव्हर जवळच्या स्पीकरचा आवाज तेवढा उशिरा सोडतो. परंतु आवाज कोणत्या दिशेने येतो हे कोणत्याही रिसीव्हरला बदलता येत नाही. म्हणून अंतर आणि कोन यांपैकी एकच साधणार असेल, तर कोन साधावा.

सोफा मागच्या भिंतीला टेकलेला आहे आणि पुढे ओढणे शक्य नाही. काय करावे?

एक-दीड फूट जरी पुढे घेता आला तरी घ्यावा, कारण भिंतीलगत खोल आवाज अवाजवी फुगतो. अगदीच शक्य नसेल, तर सराउंड स्पीकर श्रोत्याच्या बरोबर बाजूला, ९० अंशांच्या आसपास ठेवावेत आणि डोक्यामागच्या भिंतीवर जाड गोधडी किंवा शोषक पॅनेल लावावे. हॉलची एक बाजू उघडी असल्यास त्या बाजूचा स्पीकर उभ्या स्टँडवर ठेवता येतो.

सबवूफर कुठे ठेवावा? एका जागी धडधडतो आणि दुसऱ्या जागी ऐकूच येत नाही, असे का होते?

हा दोष सबवूफरचा नसून खोलीचा असतो. ज्या ध्वनीची अर्धी तरंगलांबी खोलीच्या लांबीइतकी असते, तो ध्वनी समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकतो. काही जागी तो दुणावतो आणि काही जागी जवळजवळ नाहीसा होतो. १२ फूट लांबीसाठी हा आकडा सुमारे ४७ हर्ट्झ, १५ फुटांसाठी सुमारे ३७ हर्ट्झ आणि १० फुटांसाठी सुमारे ५६ हर्ट्झ येतो. चौरस खोलीत लांबी आणि रुंदी यांचे आकडे एकच येतात आणि दोष दुप्पट होतो. म्हणून बंगल्याच्या आराखड्यात थिएटरची खोली काढायची असेल, तर ती १२ बाय १२ न ठेवता १२ बाय १५ किंवा त्याजवळपास ठेवण्यास आर्किटेक्टला आवर्जून सांगावे.

जागा शोधण्याची जुनी आणि खात्रीची रीत अशी आहे. सबवूफर तात्पुरता सोफ्यावर, आपल्या बसण्याच्या जागी ठेवावा, खोल आवाजाची एखादी परिचित रचना लावावी आणि सबवूफर ठेवणे शक्य असलेल्या जागांवर, जमिनीजवळ कान नेऊन, एकेक करून ऐकत फिरावे. जिथे प्रत्येक खोल स्वर सारख्या जोमाने ऐकू येतो, ती सबवूफरची जागा. कोपऱ्यात आवाज सर्वांत मोठा मिळतो, पण तो बहुधा सर्वांत असमानही असतो.

बजेट परवानगी देत असेल, तर एका मोठ्या सबवूफरऐवजी दोन मध्यम सबवूफर समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवावेत. त्यामुळे सोफ्यावरील सर्वच माणसांना सारखा आवाज मिळतो. हॉल स्वयंपाकघराकडे उघडा असेल, तर सबवूफरला ती सगळीच जागा भरावी लागते, हे आकार निवडताना ध्यानात ठेवावे.

खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांना त्रास होतो. त्यावर उपाय आहे का?

अंशतः आहे. खोल आवाज दोन मार्गांनी खाली जातो: सबवूफरच्या कंपनांतून थेट स्लॅबमध्ये, आणि हवेतून भिंती व स्लॅब हलवून. सबवूफरखाली जाड रबराचे पॅड ठेवल्यास पहिला मार्ग बराच रोखता येतो. दुसरा मार्ग पॅडने, फोमने किंवा अंड्यांच्या ट्रेने मुळीच रोखता येत नाही, कारण त्याला वजनदार बांधकामच लागते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहानंतर रिसीव्हरमधील नाइट मोड सुरू करावा आणि सबवूफरची पातळी उतरवावी. सोसायटीत राहताना हा शेजारधर्म आहे आणि तो पाळावाच.

रिसीव्हर किती वॅटचा घ्यावा?

खोक्यावरील ‘पीएमपीओ’ (क्षणिक कमाल शक्ती) हा आकडा वाचूच नये; त्यामागे कोणतेही सर्वमान्य मानक नाही. आरएमएस वॅट, म्हणजे सतत देता येणारी शक्ती, पाहावेत आणि ते किती वाहिन्या एकाच वेळी चालू असताना मोजले आहेत, हेही पाहावे. बहुतेक रिसीव्हरवरचा आकडा दोनच वाहिन्यांचा असतो.

शक्ती दुप्पट केली तरी आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो, म्हणून स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे १ वॅट दिल्यावर १ मीटरवर मिळणारा आवाज, वॅटइतकीच महत्त्वाची आहे. ८७ डेसिबल संवेदनशीलतेच्या स्पीकरला ६४ वॅट दिल्यास १ मीटरवर १०५ डेसिबल मिळतात आणि ३ मीटरवर, खोलीची साथ न धरताही, सुमारे ९५ डेसिबल उरतात. घरातील हॉलसाठी हा आवाज भरपूर आहे. त्यामुळे ८० वॅटच्या रिसीव्हरऐवजी १०० वॅटचा घेण्यासाठी मोजलेले जादा पैसे स्पीकरवर खर्च केलेले बरे.

वायर कोणती घ्यावी आणि ती केव्हा टाकून घ्यावी?

केव्हा, याचे उत्तर आधी देतो: प्लास्टर आणि पीओपी होण्यापूर्वी. घराचे काम चालू असताना वायरमनकडून भिंतीत झिरी मारून पाइप टाकून घेण्याचा खर्च किरकोळ असतो. रंगकाम झाल्यानंतर तेच काम तोडफोडीचे होते किंवा भिंतीवर पट्टी मारावी लागते. आज ५.१ घेणार असला, तरी मागच्या दोन आणि छतावरच्या चार जागांपर्यंत रिकामे पाइप आताच टाकून ठेवावेत, त्यांत ओढतार सोडावी आणि टीव्ही ते रिसीव्हर या मार्गावर एचडीएमआयची पिन सहज जाईल इतका रुंद पाइप ठेवावा. विजेच्या मुख्य वायरिंगपासून हे पाइप फूटभर दूर असावेत आणि ओलांडणे अटळ असेल तिथे काटकोनात ओलांडावेत.

शुद्ध तांब्याची बहुतारी वायर घ्यावी. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा, १० मीटर अंतरासाठी जाऊन-येऊन मिळून, रोध सुमारे ०.२३ ओहम भरतो. ८ ओहमच्या स्पीकरसाठी तो सहज चालतो. ४ ओहमचा स्पीकर किंवा याहून लांब अंतर असेल, तर २.५ चौरस मिलिमीटरची वायर घ्यावी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर स्वस्तात मिळते, परंतु तिचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो. तार ब्लेडने खरवडल्यावर आत पांढरट चकाकी दिसली, तर ती घेऊ नये. याउलट, अतिमहाग ‘खास’ वायरसाठी पैसे मोजण्याचेही कारण नाही.

जोडणी करताना अधिक आणि उणे ही टोके सर्व स्पीकरना सारखीच जोडली आहेत का, ते पुन्हा तपासावे. एकाच स्पीकरची टोके उलटी झाली, तरी खोल आवाज पोकळ होतो आणि दोष मात्र सबवूफरवर ढकलला जातो.

स्पीकरमधून सतत ‘हम्म’ असा आवाज येतो. कारण काय?

आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असते आणि त्याच, किंवा दुप्पट, कंपनसंख्येचा आवाज येत असेल, तर कारण बहुधा अर्थिंगमध्ये असते. रिसीव्हर, टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि सबवूफर वेगवेगळ्या सर्किटवर असतील, तर ते एकाच सर्किटवर घेऊन पाहावे. केबलची वायर काढताच आवाज थांबला, तर त्या वायरवर आयसोलेटर, म्हणजे विद्युत जोड तोडून सिग्नल पुढे नेणारा छोटा घटक, लावावा. अर्थिंगची पिन कापण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो कदापि मानू नये. त्यात जिवाला धोका आहे. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवरच आवाज येत असेल, तर तो इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा नसण्याची शक्यता मोठी आहे.

जुना ‘ऑल-इन-वन’ होम थिएटर संच आहे. त्याचेच स्पीकर नव्या रिसीव्हरला जोडता येतील का?

बहुधा नाही. अशा संचांतील स्पीकर अनेकदा ३ ओहमचे असतात आणि त्याच संचाच्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी बनवलेले असतात. सर्वसाधारण रिसीव्हर मात्र ६ ते ८ ओहमचे स्पीकर गृहीत धरतो. कमी ओहमच्या स्पीकरमुळे तो तापून बंद पडू शकतो. सबवूफरमध्येही स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर नसेल, तर तो रिसीव्हरच्या सबवूफर आउटपुटला चालणार नाही.

स्वतंत्र स्पीकरचा ५.१ संच आहे. सुधारणा कोणत्या क्रमाने करावी?

सर्वप्रथम आहे तोच संच योग्य जागी ठेवून नव्याने कॅलिब्रेट करावा (रिसीव्हरच्या मायक्रोफोनने मोजून अंतरे व पातळ्या जुळवाव्यात) आणि महिनाभर ऐकावा. नवीन काहीही घेण्यापूर्वी ही पायरी गाळू नये, कारण पुष्कळदा तिथेच समाधान होते.

त्यानंतरही उणीव जाणवल्यास, ती कशाची आहे ते पाहावे. संवाद अस्पष्ट असतील तर मधला स्पीकर, आणि चित्रपटातील गडगडाट पोकळ वाटत असेल तर सबवूफर आधी बदलावा. समोरचे तिन्ही स्पीकर एकाच कंपनीचे आणि एकाच मालिकेतील असावेत, हा नियम मी कटाक्षाने पाळण्यास सांगतो. अन्यथा पडद्यावर गाडी डावीकडून उजवीकडे जाताना तिचा आवाज मध्येच बदलतो. नवी जोडी समोर आली, की जुनी जोडी सराउंडसाठी वापरता येते. रिसीव्हर सर्वांत शेवटी घ्यावा. चांगला स्पीकर दोन दशके सहज चालतो. रिसीव्हर मात्र एचडीएमआयची मानके बदलली की मागे पडतो, त्यामुळे तो गरज निर्माण झाल्यावर घेतलेलाच बरा.

टीव्ही आणि रिसीव्हर कसे जोडावेत? ऑप्टिकल केबल पुरेशी नाही का?

ऑप्टिकल केबलमधून साधे ५.१ जाते, परंतु अ‍ॅटमॉस जात नाही. टीव्हीच्या ‘एआरसी’ (टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे परत पाठवणारी सोय) लिहिलेल्या एचडीएमआय पोर्टमधून ओटीटीवरील डॉल्बी डिजिटल प्लसमधले अ‍ॅटमॉस जाते, आणि ‘ई-एआरसी’ पोर्टमधून ब्लू-रेवरील ट्रूएचडीही जाऊ शकते. जोडणीनंतर टीव्हीच्या ध्वनी सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ऐवजी ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘पास-थ्रू’ निवडावे. हे राहून गेल्यामुळे अनेक घरांत महागडा संच वर्षानुवर्षे दोनच वाहिन्यांचा आवाज देत असतो.

संगीतात आवाज मोठा आणि संवादात लहान, असे का होते?

चित्रपटाचा ध्वनी मोठ्या चढउतारांसह नोंदलेला असतो. मधल्या स्पीकरची पातळी २ ते ३ डेसिबलने वाढवावी आणि रिसीव्हरमधील डायनॅमिक रेंज मर्यादित करण्याचा पर्याय सुरू करावा. नाट्यसंगीत, अभंग किंवा शास्त्रीय मैफल ऐकताना मात्र संच सरळ स्टिरिओवर ठेवावा. गायकाचा आवाज चहूबाजूंनी पसरवण्यात काहीच साधत नाही.

अ‍ॅटमॉससाठी छतात स्पीकर बसवावेत की वरच्या दिशेने आवाज फेकणारे घ्यावेत?

छतात बसवता येत असतील तर छतातच बसवावेत, श्रोत्याच्या डोक्यावर किंवा किंचित पुढे. फॉल्स सीलिंगमध्ये बसवताना स्पीकरचे वजन पीओपीच्या पत्र्यावर न येता वरच्या सांगाड्यावर येईल, अशी व्यवस्था कारागिराकडून करून घ्यावी.

वरच्या दिशेने आवाज फेकणाऱ्या स्पीकरना सपाट, कठीण आणि साधारण साडेसात ते बारा फूट उंचीचे छत लागते. फ्लॅटचा स्लॅब या मापात बसतो. वाड्याचे तुळयांचे छत किंवा उतरते छप्पर बसत नाही. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे छताचा पंखा. आवाजाच्या वाटेत फिरणारी पाती आली, तर परावर्तन तुटत राहते आणि परिणाम हरवतो. पंखा बाजूला घेणे शक्य नसेल, तर चित्रपट पाहताना एसी किंवा उभा पंखा वापरावा.

हॉल फार घुमतो. फोम लावावा का?

खोलीच्या मध्यभागी उभे राहून जोरात एक टाळी वाजवावी. मागोमाग झणझणाट ऐकू आला, तर गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंती यांवर उपाय हवा. सोफा आणि टीव्ही यांच्यामध्ये जाड सतरंजी किंवा गालिचा, काचेच्या दारावर जाड पडदे आणि पुस्तकांनी भरलेले कपाट एवढ्यानेच मोठा फरक पडतो. पुढची पायरी म्हणजे बाजूच्या भिंतींवरील पहिल्या परावर्तनाच्या जागा शोधणे: एकाने भिंतीवर आरसा सरकवत न्यावा आणि सोफ्यावर बसलेल्याला आरशात समोरचा स्पीकर दिसला, की तिथे कापडाने मढवलेले दोन इंच जाडीचे रॉकवूलचे पॅनेल लावावे. पातळ फोम केवळ तीक्ष्ण आवाज शोषतो आणि खोली मंद, कोंदट करतो.

ऑटो-कॅलिब्रेशन केल्यावर हाताने काही बदलावे का?

कॅलिब्रेशनच्या वेळी पंखा, एसी आणि शक्य असल्यास फ्रीज बंद ठेवावा, आणि मायक्रोफोन हातात न धरता ट्रायपॉडवर, कानाच्या उंचीवर लावावा. सबवूफरवरील क्रॉसओव्हरचे (ज्या कंपनसंख्येखालचा आवाज सबवूफरकडे जातो त्या सीमेचे) बटण आधीच कमाल किंवा ‘एलएफई’वर ठेवावे. नंतर सर्व स्पीकर ‘स्मॉल’, म्हणजे खोल आवाज सबवूफरकडे सोपवणारे, दाखवले आहेत का आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झच्या आसपास आहे का, ते पाहावे. टॉवर स्पीकर ‘लार्ज’ ठरवले गेले असतील, तर तेही ‘स्मॉल’ करावेत. सबवूफरचे अंतर टेपने मोजलेल्यापेक्षा जास्त दिसले, तर ते दुरुस्त करू नये. सबवूफरमधील इलेक्ट्रॉनिक्समुळे होणारा विलंब त्यात धरलेला असतो.

पावसाळ्यात काय काळजी घ्यावी?

आठवड्यातून दोन-तीनदा तासभर संच चालवावा, म्हणजे आतील ओल टिकत नाही. दमट हवेत वूफरभोवतीचे (स्पीकरमधील खोल आवाज देणाऱ्या मोठ्या घटकाभोवतीचे) फोमचे कडे काही वर्षांत झिजून तुटते. रबराचे कडे अधिक टिकते, म्हणून खरेदीच्या वेळीच ते पाहून घ्यावे. विजांचा कडकडाट सुरू झाला, की मुख्य प्लग आणि केबलची वायर, दोन्ही काढावे. रिसीव्हरच्या वर किमान चार इंच मोकळी जागा असावी आणि मागच्या जाळीतून पाली-मुंग्या शिरत नाहीत ना, हे अधूनमधून पाहावे.

खरेदी करताना काय तपासावे?

डेमो ऐकताना दुकानाचे दणदणीत दृश्य न ऐकता, आपल्या ओळखीचे संवाद आणि गाणे लावण्यास सांगावे. दोन स्पीकरची तुलना करताना दोन्हींची आवाजपातळी सारखी करून घ्यावी, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. परदेशातून आणलेला रिसीव्हर स्वस्तात मिळत असेल, तर मागची पट्टी वाचावी. तो केवळ ११० ते १२० व्होल्टचा असेल, तर आपल्याकडील २३० व्होल्टवर थेट लावताच जळेल. भारतातील अधिकृत वॉरंटी, पक्के बिल आणि खोलीत आवाज न जुळल्यास स्पीकर बदलून मिळण्याची मुदत, या तिन्ही गोष्टी पैसे देण्यापूर्वी लेखी घ्याव्यात.